अल्बिनिझम असलेल्या लहान मुलाच्या डोळ्यांचं ऑपरेशन: करायचं, थांबायचं की नकोच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेतीन वर्षांचा. अल्बिनिझमचं, म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांतला रंग जन्मतःच कमी असण्याचं, निदान तान्हेपणीच झालेलं. दोन्ही डोळे आडवे थरथरतात, डावा डोळा बऱ्याचदा नाकाकडे वळतो आणि लांबचं काही बघायचं असलं की तो चेहरा उजवीकडे वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. चष्मा दिलाय, पण तो डोळ्यांवर ठेवत नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, शाळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकून घ्या. दुसरे म्हणाले, अशा मुलांना ऑपरेशनचा उपयोग नसतो. कुणाचं ऐकू, आणि थांबलो तर त्याची नजर कायमची अधू होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मुलांचे डोळे तपासणं आणि तिरळेपणाची ऑपरेशनं करणं हे वीसेक वर्षांपासून माझं रोजचं काम आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. नाही. ऑपरेशन वर्षभर पुढे गेलं म्हणून त्याची नजर जाणार नाही. घाई आहे ती चष्म्याची, आणि एक डोळा मागे पडत असेल तर त्याच्या उपचाराची. या दोन गोष्टींना वयाची मर्यादा आहे, कारण मेंदू डोळ्यांकडून बघायला शिकतो ते याच वर्षांत. स्नायूंवरचं ऑपरेशन चौथ्या वर्षी होतं, दहाव्या वर्षी होतं आणि पंचविसाव्या वर्षीही होतं.

दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर असू शकतं. दोघांनी बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. ‘ऑपरेशन’ हा एकच शब्द वापरला जातो, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचे तीन हेतू असू शकतात: वाकडी मान सरळ करणं, तिरळेपणा कमी करणं किंवा थरथर कमी करून थोडं स्पष्ट दिसेल अशी आशा धरणं. पहिल्यात फायदा बऱ्यापैकी भरवशाचा असतो, दुसऱ्यात मुख्यतः दिसण्याचा असतो आणि तिसऱ्यात थोडका असतो. कोणत्या हेतूसाठी करताय ते एका वाक्यात सांगा, अशी विनंती सर्जनना जरूर करा. उत्तर ‘सगळंच सुधारेल’ असं आलं, तर तारीख घेऊ नका.

कारण काय ते नीट समजून घ्या. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध फोविया नावाची बारीकशी खळगी असते. बारीक अक्षर, लांबचा चेहरा, सुईचं भोक, हे सगळं आपण तिच्या जोरावर बघतो. अल्बिनिझममध्ये ही खळगी पोटात असतानाच पुरती घडत नाही. ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे प्रकाशाने काढलेल्या पडद्याच्या चित्रात, ती दिसते आणि तिच्या चार श्रेणी लावतात: पहिलीत खळगी असते पण उथळ, चौथीत खळगी तर नसतेच, शिवाय तिथल्या पेशींची खास ठेवणही दिसत नाही. मुलाची नजर मोठेपणी साधारण कुठवर जाईल याचा अंदाज या श्रेणीवरून बराचसा बांधता येतो. मूल ओसीटीसमोर क्षणभर स्थिर बसू लागलं की तो करून घ्या. पुढच्या सगळ्या बोलण्याला त्याने आधार मिळतो.

दुसरी गोष्ट मागच्या वायरिंगची. सर्वसाधारणपणे प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून थोडे जास्त पलीकडच्या मेंदूकडे जातात आणि उरलेले त्याच बाजूला राहतात. अल्बिनिझममध्ये नेहमीपेक्षा बरेच जास्त तंतू पलीकडे जातात. दोन डोळ्यांची चित्रं जुळवून खोलीचा अंदाज घेणं या मुलांना म्हणून अवघड जातं.

आता ऑपरेशनमध्ये आम्ही काय करतो? डोळा उघडत नाही. पडद्याला, नसेला हात लावत नाही. डोळ्याच्या बाहेरून चिकटलेले आडवे स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे किंवा पुढे शिवतो. त्याने डोळ्याची बसण्याची जागा बदलते, फोविया होता तसाच राहतो. हे एकदा मनात बसलं की कुठल्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्यावर नाही, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

सगळ्यात आधी मानेबद्दल बोलू, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत ऑपरेशनचं खरं कारण निघालं तर ते तिथेच निघेल. थरथरणाऱ्या डोळ्यांना बहुतेक वेळा एक अशी दिशा असते जिथे थरथर सगळ्यात कमी होते. तिला नल पॉइंट म्हणतात. तुमचा मुलगा चेहरा उजवीकडे वळवतो, म्हणजे त्याचे डोळे डावीकडे गेले की शांत होतात. ही खोड नाही, त्याने स्वतः शोधून काढलेली युक्ती आहे. ‘मान सरळ कर’ असं त्याला कुणीही सांगू नये, शिक्षकांनी तर मुळीच नाही. मान सरळ केली की त्याला कमी दिसतं.

ऑपरेशनमध्ये हा शांत बिंदू कोपऱ्यातून समोर आणतात. चेहरा ज्या बाजूला वळतो त्याच बाजूला दोन्ही डोळे फिरवायचे, ही त्यातली कल्पना. अँडरसन आणि केस्टनबाउम यांनी १९५३-५४च्या सुमारास ती स्वतंत्रपणे मांडली. पुढे पार्क्स यांनी दोन्ही डोळ्यांच्या मिळून चार स्नायूंसाठी ५, ६, ७ आणि ८ मिलिमीटर असं माप बसवलं, म्हणजे प्रत्येक डोळ्यात एकूण १३. मान फार वळत असेल तर हे आकडे बरेच वाढवावे लागतात. मान सरळ होण्याच्या बाबतीत हे ऑपरेशन चांगलं काम करतं. काही मुलांमध्ये थोडी मान पुन्हा वळू लागते, हेही आधीच सांगून ठेवते.

तुमच्या मुलात तिरळेपणाही आहे, त्यामुळे एक बारकावा येतो. मान वळते ती बघणाऱ्या डोळ्यासाठी. तो मुख्यतः उजव्या डोळ्याने बघत असेल, तर मानेचं गणित उजव्या डोळ्यावर मांडायचं आणि तिरळेपणाचा हिशेब डाव्यावर करायचा. दोन्ही डोळ्यांवर छापील आकडे लावले तर मान सरळ होईल, पण तिरळेपणा जसाच्या तसा राहील किंवा उलट्या बाजूला जाईल. तुमच्या सर्जनना विचारा, ‘तो कोणत्या डोळ्याने बघतो आणि योजना त्या डोळ्याप्रमाणे आहे का?’

मानेसाठी मी सहसा चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत थांबते. मूल तेव्हा तक्ता वाचतं आणि मान किती अंश वळते ते मोजता येतं. मुख्य म्हणजे ती एकाच दिशेला स्थिर आहे की नाही ते कळतं. पंधरा-वीस अंशांच्या पुढे आणि बहुतेक वेळ वळत असेल, मानेचे स्नायू आखडू लागले असतील, वर्गात फळ्याकडे बघताना शरीरच तिरकं होत असेल, तर ऑपरेशनच्या बाजूने माझं मत जातं. फक्त थकल्यावर थोडी वळत असेल, तर नाही.

दिशा स्थिर आहे की नाही, हे मी इतकं का सांगतेय? पाच वर्षांची एक मुलगी मान वाकडी म्हणून ऑपरेशनसाठी आली होती. चेहरा डावीकडे, दोन तपासण्यांत तेच लिहिलेलं, तारीखही ठरलेली. शेवटच्या भेटीत तिची आई निघता निघता म्हणाली, ‘घरी कधी कधी उलटीकडेही धरते हो.’ मी त्यांना परत बसवलं. तीन मीटरवर फोनवर कार्टून लावलं, मुलीला आईच्या मांडीवर बसवलं आणि घड्याळ लावलं. पहिली तीन मिनिटं चेहरा डावीकडेच. मग डोळे क्षणभर जवळजवळ थांबले, मुलगी पापण्या मिचकावत तशीच बसली आणि हळूहळू चेहरा उजवीकडे गेला. आणखी काही मिनिटांनी पुन्हा डावीकडे. थरथरीची दिशा ठरावीक वेळाने उलटणारा हा प्रकार अल्बिनिझममध्ये वाटतो त्यापेक्षा जास्त सापडतो, आणि दोन मिनिटांच्या तपासणीत तो निसटतो. नेहमीचं मानेचं ऑपरेशन अशा मुलात केलं असतं, तर अर्धा वेळ मान जास्तच वळली असती. आम्ही तारीख रद्द केली. अशा मुलांसाठी वेगळं ऑपरेशन असतं, चारही आडवे स्नायू बरेच मागे नेण्याचं, पण ते सावकाश ठरवायचं असतं.

तुम्ही घरी हे काम माझ्यापेक्षा चांगलं करू शकता. तो टीव्ही बघत असताना समोरून, टीव्हीच्या शेजारी फोन ठेवून, सलग दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा, चष्मा लावून. तुकडे जोडू नका, सलगच हवा.

आता तिरळेपणा. जन्मजात तिरळेपणाची इतर मुलं लवकर, दोन वर्षांच्या आत ऑपरेट करण्याकडे कल असतो, कारण दोन्ही डोळे मिळून बघायची क्षमता वाचवता येईल अशी आशा असते. ‘शाळेच्या आत’ हा सल्ला कदाचित तिथूनच आला असेल. पण वर सांगितलेल्या वायरिंगमुळे अल्बिनिझममध्ये ही आशा मुळातच कमी असते. काही मुलांत खोलीची थोडी जाण सापडते, नाही असं नाही, पण तिच्यासाठी तारखेच्या मागे धावावं इतकी क्वचितच. उरतं ते दिसण्याचं कारण. त्याला मी कधीच क्षुल्लक म्हणत नाही. समोरच्याला याच्या कोणत्या डोळ्यात बघून बोलावं ते कळत नाही, वर्गातली मुलं चिडवतात, मूल फोटोत खाली बघायला लागतं. या कारणासाठी ऑपरेशन करायला आईवडिलांना अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. फक्त ते ‘नजर वाचवायला’ केलं असं स्वतःला सांगू नका.

आणि तिरळेपणाचं मोजमाप चष्म्यासह करायचं. या मुलांत प्लस नंबर आणि मोठा सिलिंडर नंबर फार आढळतो. प्लस नंबर असलेलं मूल स्पष्ट बघायला जोर लावतं आणि त्या जोरात डोळा नाकाकडे ओढला जातो. योग्य चष्म्याने तिरळेपणा कधी अर्ध्यावर येतो, कधी दिसेनासाच होतो. चष्मा न लावता मोजलेल्या कोनावर ऑपरेशन केलं आणि नंतर मूल चष्मा घालू लागलं, तर डोळा बाहेरच्या बाजूला वळण्याचा धोका असतो.

इथे एक चूक मी स्वतः केली आहे, सुरुवातीच्या वर्षांत. अल्बिनिझममध्ये डोळ्याचा बघण्याचा अक्ष आणि बुबुळाचा मध्य यांत बऱ्याचदा फरक असतो, त्यामुळे डोळा प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. नाकाकडे वळलेल्या डोळ्याचा तिरळेपणा म्हणून आहे त्यापेक्षा कमी भासतो. एका मुलीचे डोळे मी कव्हर टेस्टमध्ये, म्हणजे एकेक डोळा झाकून कोन मोजण्याच्या तपासणीत, अगदी काटेकोर सरळ आणले. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने तिची हनुवटी हातात धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, हे आता बाहेर कसे गेले?’ मोजमापाप्रमाणे सगळं बरोबर होतं. आईच्या डोळ्यांना दिसत होतं तेही खरं होतं, आणि ऑपरेशन तर दिसण्यासाठीच केलेलं होतं. तेव्हापासून मी अशा मुलांत थोडा तिरळेपणा मुद्दाम शिल्लक ठेवते आणि आधी टॉर्चचा प्रकाश बुबुळावर कुठे पडतो ते आईवडिलांना दाखवते. तुमच्या सर्जननाही हे दाखवायला सांगा.

तिसरा हेतू, थरथर कमी करून नजर सुधारणं. यासाठी चार स्नायू सोडवून पुन्हा त्याच जागी शिवण्याचं ऑपरेशन आहे. डेलोसो आणि हर्टल यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. थरथरीची लय सुधारते, डोळा क्षणभर जास्त स्थिर राहतो, काहींना तक्त्यावर थोडा फायदा होतो, काहींना ओळखायला लागणारा वेळ कमी झाल्यासारखा वाटतो. पण जिथे डोळा स्थिर करायचा ती खळगीच अपुरी असेल, तर स्थिरतेचा फायदा मर्यादित राहणार. साडेतीन वर्षांच्या मुलात निव्वळ एवढ्यासाठी मी भूल देणार नाही. मानेसाठी ऑपरेशन करताना हा फायदा सोबत मिळाला तर आनंद आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. या मुलांची थरथर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते, तेव्हा ती मोठी आणि संथ असते आणि वाढत्या वयात कमी होत जाते. नजरही शाळेच्या वर्षांत आपणहून सुधारते. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलाला सहाव्या वर्षी जास्त दिसू लागलं, तर त्यातला किती वाटा ऑपरेशनचा आणि किती वयाचा, हे सांगणं कठीण असतं. दुसऱ्या पालकांचे अनुभव ऐकताना हे ध्यानात असू द्या. ते खोटं बोलत नसतात.

आता ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवलं ती गोष्ट. कोणतंही ऑपरेशन ठरवण्याआधी, अगदी दात काढण्याआधीसुद्धा, रक्तस्रावाची चौकशी झालीच पाहिजे. अल्बिनिझमच्या काही प्रकारांत प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, नीट काम करत नाहीत. हर्मान्स्की आणि पुडलाक यांनी १९५९ मध्ये हा आजार प्रथम वर्णन केला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. घातकपणा असा की यात प्लेटलेटची संख्या नॉर्मल येते, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्याही नॉर्मल येतात. ऑपरेशनपूर्वीच्या नेहमीच्या रिपोर्टवर ‘सर्व ठीक’ लिहिलेलं असतं आणि टाका घालताना रक्त थांबत नाही. त्याचा घोळणा वारंवार फुटतो का? इंजेक्शनच्या जागी मोठा निळा डाग उमटतो का? नडगीवर तर सगळ्याच धावणाऱ्या मुलांना डाग असतात, पण पाठीवर, पोटावर, दंडावर कारण नसताना उमटतात का? यातलं काहीही असेल तर रक्तविकारतज्ज्ञांकडून प्लेटलेटच्या कार्याची तपासणी किंवा जनुकीय तपासणी करून घ्या. जनुकीय तपासणी शक्य असेल तर मी म्हणेन काही नसलं तरी करा, कारण अल्बिनिझमचा नेमका प्रकार त्याने कळतो. हा आजार निघाला म्हणजे ऑपरेशन कधीच नाही असं नाही. तयारीने करायचं असतं. मात्र ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन अशा मुलाला द्यायचं नाही, तापातसुद्धा. केसांना चंदेरी झाक असेल आणि सारखे जंतुसंसर्ग होत असतील, तर चेडियाक-हिगाशी नावाच्या दुर्मीळ आजारासाठी रक्ताची स्लाइड बघायला सांगा.

भुलेबद्दल थोडक्यात. ऑपरेशन पूर्ण भुलेत होतं. तान्ह्या मुलांना एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलेने पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यंकावर परिणाम होत नाही, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावतात. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं आणि त्यांची तयारी असते. नंतर डोळे दोन-तीन आठवडे लाल राहतात, पहिल्या दिवशी अश्रू गुलाबी येतात, मूल प्रकाशाला नेहमीपेक्षा जास्त कंटाळतं. पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता खरी आहे आणि ती आधीच मान्य करून जा.

लेसर, बुबुळात रंग भरणं, बुबुळावर कृत्रिम भिंग बसवणं, स्टेम सेल, असं कुणी लहान मुलासाठी सुचवत असेल तर तिथून उठून या. लेव्होडोपा हे औषध यासाठी देऊन पाहिलं गेलं आहे, नजरेत फरक पडला नाही.

ऑपरेशन कितीही छान झालं तरी तो पुस्तक नाकाशी धरणारच. जवळ धरल्याने अक्षर मोठं दिसतं आणि डोळे आत वळल्याने थरथरही कमी होते. त्याने डोळे बिघडत नाहीत. धरू द्या. उन्हाचा त्रासही तसाच राहील, पहिल्या बाकावरची जागाही लागेल.

म्हणून तुमच्या मुलासाठी माझं मत: आत्ता ऑपरेशन नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, त्यातलं ॲट्रोपीन चालत असेल तर त्याने, नंबर पुन्हा काढा. प्रत्येक डोळा झाकून बघा: उजवा झाकल्यावर तो चिडत असेल, हात झटकत असेल, तर डावा मागे पडलाय आणि त्याचा उपचार लगेच हवा. या उपचारात चांगला डोळा पट्टीने झाकतात, पण त्याने उघड्या डोळ्याची थरथर वाढते अशी मुलं असतात. तुमचा मुलगा त्यातला निघाला तर पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात थेंब घालून तो धूसर करता येतो, डॉक्टरांशी बोला. पाच वर्षांच्या आसपास मानेचा प्रश्न नव्याने काढा. त्याआधीच मान खूप आणि सतत वळू लागली, किंवा डावा डोळा कायम आत राहू लागला, तर तेवढी वाट बघू नका.

राहिला चष्मा, जो तो ठेवत नाही. आधी फ्रेम तपासा. या वयाच्या मुलांना नाकाचा उंचवटा फारसा नसतो, फ्रेम घसरते आणि तो भिंगाच्या वरून बघतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने चष्म्याचा काही फायदाच नाही. मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली मऊ फ्रेम घ्या. हलका टिंट असलेली भिंगं घ्या, बरीच मुलं चष्मा काढतात ती उजेडाने. पहिले काही दिवस फक्त गोष्टीच्या पुस्तकाला आणि कार्टूनला लावा, त्याच्या आवडीच्या वेळेला, आणि त्याने काढला की न ओरडता थोड्या वेळाने परत लावा. डॉक्टर ॲट्रोपीनचे थेंब देणार असतील तर ते काही दिवस अंगात असेपर्यंत त्याला जोर लावून बघता येत नाही आणि चष्म्यातून जास्त बरं दिसतं. चष्म्याची सवय लागायला तेच दिवस सोपे जातात. ज्या दिवशी तो दिवसभर चष्मा ठेवेल ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिने तिथून मोजायचे आणि मग मानेचा आणि तिरळेपणाचा कोन पुन्हा मोजून घ्यायचा. तोपर्यंत कोणत्याही ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करू नका.